जादू करा, पण कुणाच्या जिवावर?

फायरबॉल टाकायला ताकद लागते, हे प्रत्येक गेमरला माहीत असतं. ती ताकद नेमकी कुठून येते आणि तिचं बिल कोण भरतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. ‘डार्क सन’ नावाच्या एका काल्पनिक जगाने १९९१ सालीच हा प्रश्न टेबलावर आणला होता.

समोर तीन राक्षस उभे आहेत. तुमच्या टोळीतला योद्धा जखमी होऊन पडलाय. सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडे, कारण विझर्ड तुम्ही आहात. तुम्ही घसा खाकरून म्हणता, ‘‘फायरबॉल!’’ आठ फासे टेबलावर गडगडतात, डंजन मास्टर बेरीज करतो आणि राक्षस जळून खाक. टाळ्या, शिट्ट्या, हाय-फाइव्ह.

आता जरा रिवाइंड करा. ती आग आली कुठून?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणजे डी अँड डी खेळणारे तुमच्यापैकी काही जण असतील. बाकीच्यांनी ते ‘स्ट्रेंजर थिंग्ज’मध्ये तरी पाहिलं असेल. तळघरात टेबलाभोवती बसलेली ती चार पोरं आठवा. एक जण डंजन मास्टर होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि अडलं की वीस बाजूंचा फासा निकाल देतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत हा खेळ आणला. त्यानंतर त्याच्या आवृत्त्या आल्या, त्यात नवनवी जगं आली, सिनेमे आणि व्हिडीओ गेम्स आले. जादू तर पहिल्या दिवसापासून होतीच. ती जादू चालते कशावर, याची उत्तरं मात्र बदलत गेली आणि त्यातली काही भारी इंटरेस्टिंग आहेत.

रात्री झोपा, सकाळी फुल चार्ज

गायगॅक्सने जादूचे नियम बांधताना एका लेखकाकडून मोठी उधारी केली. त्याचं नाव जॅक व्हान्स. त्याच्या १९५० सालच्या ‘द डायिंग अर्थ’ या पुस्तकातले जादूगार मंत्र पाठ करतात आणि एकदा तो वापरला की डोक्यातून पुसला जातो. पुन्हा हवा असेल तर पुन्हा पोथी उघडा आणि पाठ करा. परीक्षेचा पेपर दिल्यावर सिलॅबस जसा डोक्यातून उडतो, अगदी तसंच! खेळासाठी ही कल्पना एकदम सोयीची होती, कारण त्यामुळे विझर्डच्या हातात अमर्याद ताकद राहत नाही. त्या व्हान्सच्या इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरं उलटसुलट केली की ‘वेक्ना’ हे नाव तयार होतं. हो, तोच वेक्ना. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या चौथ्या सीझनमधल्या खलनायकाचं नाव डी अँड डीतल्या एका जुन्या खलनायकावरून आलंय आणि त्या जुन्याचं नाव या लेखकावरून.

पुढे पर्याय वाढले. आजच्या डी अँड डीमध्ये विझर्ड अभ्यास करून जादू शिकतो. सोर्सररच्या रक्तातच जादू असते, म्हणजे थोडक्यात घराणेशाही. क्लेरिकला देव ताकद देतो. वॉरलॉक कुण्या बड्या, बहुतेक वेळा संशयास्पद शक्तीशी करार करतो. त्यातली बारीक अक्षरातली कलमं वाचायची राहून जातात आणि तिथून पुढे डंजन मास्टरची चांदी होते.

‘फरगॉटन रेल्म्स’ या सगळ्यात गाजलेल्या जगात तर जादूचं अख्खं विणकाम आहे. त्याला ‘वीव्ह’ म्हणतात आणि मिस्त्रा नावाची देवी ते सांभाळते. जादूगार थेट ऊर्जेला हात घालत नाही, या विणकामातून ती घेतो. २०२३ साली आलेला ‘बाल्डर्स गेट ३’ खेळला असाल, तर गेल नावाचा विझर्ड आठवेल. छातीत जादूची भूक घेऊन फिरणारा आणि तुमच्या कष्टाने मिळवलेल्या जादुई वस्तू गिळणारा. त्याच जगात कार्सस नावाच्या एका महत्त्वाकांक्षी जादूगाराने थेट देवीची ताकद हिसकावण्याचा प्रयत्न केला आणि त्याच्या साम्राज्याची हवेत तरंगणारी शहरं धाडधाड खाली आली.

म्हणजे अति केलं की माती होते, हे तिथेही आहे. पण रोजच्या खेळात? आठ तासांची विश्रांती घेतली की विझर्डचे सगळे स्पेल स्लॉट परत. एक रुपयाही न भरता रोज रात्री डेटा पॅक रिन्यू व्हावा, तसं. काल टाकलेल्या फायरबॉलचा कुणाला, कुठे, काय त्रास झाला, हा प्रश्नच उद्भवत नाही.

लाल सूर्याखालचं जग

१९९१ साली टीएसआर या कंपनीने ‘डार्क सन’ नावाचा नवा बॉक्स बाजारात आणला. टिमोथी ब्राउन आणि ट्रॉय डेनिंग हे त्याचे रचनाकार आणि ब्रॉम हा त्याचा चित्रकार. या जगाच्या रंगरूपात ब्रॉमच्या चित्रांचा वाटा फार मोठा आहे. त्याची चित्रं पाहून त्यातली माणसं आणि कल्पना खेळात लिहिल्या गेल्या. ती एकदा पाहाच. उन्हाने रापलेली माणसं, हाडांची हत्यारं आणि मागे गंजलेल्या रंगाचं आभाळ.

या जगाचं नाव अथास. हिरवीगार जंगलं, चांदीसारखे झरे, चकचकीत चिलखतातले सरदार हे फँटसीतलं नेहमीचं सामान इथे शोधायला गेलात तर हाती वाळू लागेल. सूर्य थकलेला, लालभडक. समुद्र आहे, पण त्यात पाणी नाही. पिठासारख्या मऊ धुळीने तो भरलाय. पावसाची तर गोष्टच सोडा. लोखंड इतकं दुर्मीळ, की नाणी भाजलेल्या मातीची आणि तलवारी हाडांच्या, दगडाच्या, लाकडाच्या. ऐन लढाईत तलवार मोडणं हा इथला रोजचा वैताग. एल्फ म्हणजे झाडावर बसून बासरी वाजवणारे नाजूक लोक, असं वाटत असेल तर इथले एल्फ वाळवंटात मैलोन्‌मैल धावणारे, ठकवण्यात पटाईत व्यापारी आहेत. आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पाहून ज्यांच्या प्रेमात पडलात त्या हॉबिटांचे इथले भाईबंद, हाफलिंग, चक्क माणसं खातात.

हे जग इतकं जीवघेणं होतं, की मूळ नियमांत प्रत्येक खेळाडूला एक सोडून चार पात्रं तयार ठेवायला सांगितलं होतं. एक खेळात, तीन राखीव. पहिलं मेलं की पुढचं. देव मदतीला येईल म्हणाल, तर अथासवर देवच नाहीत. शहरांवर राज्य करतात ते जादूगार राजे. शतकानुशतकं जगलेले, मरण लांबवत बसलेले. गुलामांच्या पाठीवर उभी असलेली त्यांची सात शहरं. टीर, उरिक, निबेने, गुल्ग वगैरे.

पण हे जग मुळात असं नव्हतं. इथेही एके काळी पाणी होतं, झाडं होती, गजबज होती. मग वाळवंट झालं कशामुळे? उल्का पडली नाही की कुठल्या देवाचा कोप झाला नाही. वाळवंट केलं ते जादूने. फायरबॉलने.

राखेचं वर्तुळ

अथासवरची विझर्डी जादू झाडापाल्याच्या जिवावर चालते. शब्दशः जिवावर. मंत्र म्हणताना जादूगार भोवतालच्या वनस्पतींतली जीवनशक्ती ओढून घेतो आणि तिचं मंत्रात रूपांतर करतो. ओढायची कशी, याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत ‘डिफायलर’ची. आपण त्यांना सरळ ओरबाडणारे म्हणू. हे लोक खेचायला लागले की थांबत नाहीत. गवत, झुडपं, झाडं क्षणात काळी पडतात आणि त्यांची राख होते. जादूगाराभोवती राखेचं एक वर्तुळ उरतं. त्या मातीत पुढे लवकर काही उगवत नाही. दुसरी पद्धत ‘प्रिझर्व्हर’ची, म्हणजे जपणाऱ्यांची. ते प्रत्येक झाडाकडून थोडं थोडं घेतात, झाड मरायच्या आत थांबतात. मंत्र तोच, आग तीच. फरक एवढाच, की जादूगार निघून गेल्यावर गवत उभं असतं.

आता यातली खरी गंमत बघा. रचनाकारांनी हे सगळं नुसतं गोष्टीत सांगून सोडलं नाही, आकड्यांत बसवलं.

त्या पहिल्या नियमपुस्तकात एक तक्ता होता. एका बाजूला मंत्राची पातळी, दुसऱ्या बाजूला जमिनीचा प्रकार. त्यावरून राखेचं वर्तुळ किती मोठं होणार ते ठरायचं. दाट जंगलात मंत्र टाकला तर वर्तुळ लहान, कारण तेवढ्याशा जागेतच भरपूर जीव असतो. उजाड माळावर तोच मंत्र टाकला तर वर्तुळ कितीतरी मोठं, कारण हवी तेवढी ताकद गोळा करायला लांबवर हात पसरावे लागतात. म्हणजे जमीन जितकी गरीब, तितकी जास्त लुटली जाणार. आणि आज लुटली की उद्या ती आणखी गरीब. मग परवा वर्तुळ आणखी मोठं. अर्थशास्त्राच्या पुस्तकात दुष्टचक्राची व्याख्या पाठ केली असेल, तर ते दुष्टचक्र इथे एका तक्त्यात मावलंय.

दुसरा नियम याहून बोचरा. डी अँड डीमध्ये अनुभवाचे गुण साठले की पात्राची लेव्हल वाढते. डार्क सनमध्ये ओरबाडणाऱ्यांना पुढच्या लेव्हलसाठी जपणाऱ्यांपेक्षा कमी गुण लागायचे. तेवढ्याच कष्टात ते पुढे. शॉर्टकट खरोखरच शॉर्ट होता!

विचार करा, एखाद्या गोडगोड बोधकथेत काय झालं असतं? वाईट मार्गाने गेलेल्याची जादू कच्ची निघाली असती, ऐन वेळी दगा दिला असता आणि प्रामाणिक माणूस शेवटी जिंकला असता. इथे तसं काही होत नाही. तुमच्याच वयाचा, तुमच्याबरोबरच सुरुवात केलेला ओरबाडणारा तुमच्या आधी मोठे मंत्र टाकायला लागतो आणि तुम्ही मात्र एकेका झाडाची काळजी घेत मागे राहता. जपायचं असेल तर मागे पडायची तयारी हवी, हे नियमच सांगतात. त्यामुळे प्रिझर्व्हर व्हायचं ठरवलंत, तर त्या ठरवण्याला वजन येतं. फुकटात मिळालेल्या चांगुलपणाला काय किंमत असते?

बदनाम मात्र सगळेच

बरं, जपणाऱ्यांना निदान लोकांचं प्रेम मिळत असेल? अजिबात नाही. सामान्य माणसाला जादूच्या दोन पद्धतींशी काय देणंघेणं? त्याचं शेत जादूगारांमुळे गेलं, एवढंच त्याला ठाऊक. विझर्ड दिसला की दगड हातात. शहरांत तर जादूवर बंदीच, आणि ती घालणारे राजे स्वतः जगातले सगळ्यात मोठे ओरबाडणारे. स्पर्धक नकोत म्हणून कायदा, बाकी काही नाही.

म्हणून जपणारे लपून राहतात. ‘व्हेल्ड अलायन्स’ नावाचं त्यांचं गुप्त जाळं शहराशहरांत पसरलंय. खाणाखुणांची भाषा, झाकलेले चेहरे, अळी मिळी गुपचिळी. या जाळ्यातल्या माणसाची भूमिका करणं हा डार्क सनमधला एक झकास अनुभव आहे. जीव वाचवायला मंत्र टाकावा तर पकडले जाण्याची भीती. न टाकावा तर समोरचा मरतोय.

अथासवर ताकदीचे आणखीही झरे आहेत आणि ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले की हा विचार किती पक्का आहे ते कळतं. राजाचे अधिकारी, म्हणजे टेम्प्लर, यांना मंत्र मिळतात थेट राजाकडून. साहेबाच्या कृपेने चाललेली नोकरी म्हणा ना. साहेब गेला की त्याच क्षणी जादू बंद. क्लेरिक लोक पृथ्वी, जल, अग्नी, वायू यांच्याशी नातं जोडतात. ड्रुइड एखादा जमिनीचा तुकडा आपला मानतो, एखादा झरा किंवा एखादी राई, आणि आयुष्यभर ती राखतो. ओरबाडणाऱ्यांचा तो जन्माचा वैरी असणार, हे उघडच आहे. आणि शेवटचा झरा म्हणजे मन. मनाच्या ताकदीला इथे सायॉनिक्स म्हणतात आणि अथासवर जवळपास प्रत्येकाकडे ती थोडीफार असते. ती वापरली की दमता तुम्ही स्वतः. बाहेरचं गवताचं पातंही हलत नाही.

उधारीची ताकद, नात्यातून आलेली ताकद, स्वतःच्या घामाची ताकद आणि दुसऱ्याच्या जिवावरची ताकद. एकाच जगात चारही. तुमचं पात्र कोण आहे, हे त्याच्या भाल्या-तलवारीपेक्षा या निवडीतून जास्त कळतं.

झाडं संपली की माणसं

(स्पॉयलर अलर्ट! ट्रॉय डेनिंगच्या डार्क सन कादंबऱ्या वाचायच्या असतील, तर पुढचे तीन परिच्छेद सोडून द्या.)

झाडं संपली की पुढे काय, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. जादूगार राजांकडे त्याचंही उत्तर आहे. ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीतून निघणारी काळी काच, हिच्या गोळ्यांच्या मदतीने ते प्राण्यांतली आणि माणसांतलीही जीवनशक्ती खेचू शकतात. या वाटेने पार शेवटपर्यंत गेलेला जादूगार माणूस राहत नाही, तो ड्रॅगन होतो. म्हणजे अथासवर ड्रॅगन ही जन्माला येणारी जात नाही. तो एका करिअरचा शेवटचा टप्पा आहे!

१९९१ सालच्याच ‘द व्हर्डंट पॅसेज’ या कादंबरीत टीरचा राजा कालक हाच बेत आखतो. वर्षानुवर्षं गुलामांना राबवून तो एक प्रचंड मनोरा बांधून घेतो. उद्घाटनाला खेळांचा जंगी सोहळा ठेवतो. सगळं शहर मैदानात जमतं. मग दारं बंद होतात आणि राजा आपल्याच प्रजेचा जीव शोषायला लागतो. रायकस नावाचा गुलाम योद्धा आणि त्याचे साथीदार त्याला संपवतात. टीर स्वतंत्र होतं, गुलामी रद्द होते आणि राजाच्या टेम्प्लरांचे मंत्र एका झटक्यात गायब होतात.

या साथीदारांतली सडिरा लक्षात राहते. ती गुलाम आहे, जादूगार आहे, व्हेल्ड अलायन्सशी जोडलेली आहे, म्हणजे पक्षाने जपणारी. पण संकट गळ्याशी आलं की तिचा हात सुटतो. थोडं जास्त खेचावंसं वाटतं. कारणं दर वेळी चांगलीच असतात. मित्राचा जीव वाचवायचाय, अत्याचारी राजाला पाडायचंय. आणि गवत काळं पडतं.

वीस चौकोनांच्या आतले मित्र

जुन्या नियमांत एक अडचण होती. ओरबाडणारा व्हायचं की जपणारा, हे तुम्ही पात्र तयार करतानाच ठरवायचात. अ‍ॅडमिशन घेताना ब्रँच निवडावी तसं. एकदा फॉर्म भरला की विषय संपला. खऱ्या आयुष्यात असं कुठे होतं? ‘मी आजपासून ओरबाडणार’ असा अर्ज कुणीच भरत नाही. सडिरासारखं होतं. एका घाईच्या क्षणी, एका चांगल्या कारणासाठी, फक्त या वेळेपुरतं.

२०१० साली डी अँड डीच्या चौथ्या आवृत्तीसाठी डार्क सन पुन्हा आलं, तेव्हा हा नियमच बदलला. आता वेगळी ब्रँच नाही. जादूची ताकद वापरणारं कुठलंही पात्र हव्या त्या क्षणी ओरबाडू शकतं. दिवसातून एकदाच टाकता येणारा तुमचा मोठा हल्ला तुम्ही टाकलात आणि फासा कमी पडला. तुम्ही तो पुन्हा टाकू शकता. दुसऱ्यांदा जे येईल ते मात्र मुकाट्याने घ्यायचं. बस्स, फायदा एवढाच. एक जास्तीचा चान्स.

आणि किंमत? तुमच्यापासून वीस चौकोनांच्या आत असलेल्या तुमच्या प्रत्येक साथीदाराला इजा होते. खेळाच्या हिशेबात वीस चौकोन म्हणजे शंभर फूट, म्हणजे जवळपास सगळी टोळीच. ही इजा कुठल्या चिलखताने कमी होत नाही, कुठल्या मंत्राने टळत नाही. शत्रू मजेत, तुम्ही ठणठणीत, आणि कळवळतात ते तुमचे मित्र. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो नियमाच्या रूपात बघायचा असेल तर हाच.

जरा डोळ्यांसमोर आणा. रविवारची दुपार, मित्राच्या घरी टेबलाभोवती सहा जण. तुमचा फासा तीनवर पडलाय. पुन्हा टाकायचा असेल तर शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या पात्राचं आधीच अर्धं झालेलं आयुष्य आणखी कमी होणार. तिची परवानगी घ्यायची, असा नियम नाही. तुम्ही तिला न विचारताही फासा उचलू शकता. आता वाळवंट, राख, लाल सूर्य सगळं बाजूला राहतं. उरते ती तिची तुमच्याकडे वळलेली नजर.

झाडं ओरबाडली तेव्हा फारसं काही वाटलं नव्हतं, खरं ना? ती कागदावरची झाडं. डंजन मास्टरने सांगितलं, ‘‘भोवतीचं गवत राख झालं’’, तुम्ही मान हलवली आणि पुढची चाल खेळलात. किंमत मोजणारा समोर बसलेला असतो, त्याला नाव असतं, त्याने संध्याकाळी वडापाव तुमच्याबरोबर खायचा असतो, तेव्हा हात थबकतो. मोजणारा लांब असेल, मुका असेल किंवा अजून जन्मायचा असेल, तर हात थबकत नाही. २०१० च्या रचनाकारांनी झाडांच्या जागी मित्र बसवले आणि तोच प्रश्न एकदम बोचायला लागला.

ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकाच्या रात्रभराच्या जागरणावर पाच जणांची नावं छापली जातात, तेव्हा जादू कुणाच्या जिवावर झाली? घरी वेळेवर गरम डबा मिळतो, तो कुणाच्या झोपेतून येतो? यादी लांबवत नाही. तुमची तुम्ही कराल.

तुमच्या टेबलावर आणायचं असेल, तर…

डी अँड डीची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली. पुढच्या दहा वर्षांत तिच्यासाठी डार्क सनचं वेगळं पुस्तक काही आलं नाही. पण काही अडत नाही. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झालेत, म्हणजे ते तुम्ही फुकट वाचू शकता, वापरू शकता, त्यात स्वतःची भरही घालू शकता. तिथून सुरुवात करा आणि जादूच्या झऱ्याचा नियम तुम्हीच बनवा. त्यासाठी या काही गोष्टी.

पहिली, किंमत दिसू द्या. विझर्डने मंत्र टाकला की डंजन मास्टरने एकच प्रश्न विचारायचा, ‘‘कुठून घेतोस?’’ उत्तर काहीही येवो, त्या जागेचं पुढे काय झालं ते गोष्टीत सांगायचं. पुढच्या वेळी टोळी त्याच वाटेने परतली, तर ती राख तिथेच असली पाहिजे. नकाशावर पेन्सिलने काळं वर्तुळ काढून ठेवा. पाच-सहा सेशननंतर तो नकाशाच बोलायला लागेल.

दुसरी, मोह खरा असू द्या. ओरबाडल्यावर काहीतरी ठोस मिळालं पाहिजे. जास्तीचा फासा, जास्तीची इजा, काहीही. फायदा नसलेल्या पापाचा मोह कुणाला होतो? आणि जपणाऱ्याला शिक्षा नको, पण त्याचा वेळ जाऊ द्या. मंत्र पूर्ण व्हायला एक फेरी जास्त लागते, असं ठेवलंत तरी पुरे. तेवढ्या एका फेरीत राक्षस कुठपर्यंत पोहोचतो, ते बघताना घाम फुटतो.

तिसरी, शिक्षा द्यायची घाई डंजन मास्टरने करू नये. एखाद्याने ओरबाडलं म्हणून लगेच त्याच्यावर वीज पाडायची नाही. जग बदलतं तेवढं दाखवायचं. गावातला म्हातारा त्याला पाणी द्यायला नकार देतो, एवढं पुष्कळ झालं.

आणि चौथी, खेळायच्या आधी एकदा नीट बसून बोला. याला ‘सेशन झिरो’ म्हणतात. डार्क सनमध्ये गुलामी आहे, क्रौर्य आहे, उपासमार आहे. टेबलावरच्या कुणाला कुठली गोष्ट नको असेल, तर ती आधीच कळलेली बरी. खेळ मजेसाठी आहे आणि मजाही दुसऱ्याच्या जिवावर करायची नसते. एवढं तर आता कळलंच असेल!

अथासच्या कथेत आणखी एक छोटी जागा आहे. ओरबाडण्याच्या वाटेच्या टोकाला जसा ड्रॅगन आहे, तसं जपण्याच्या वाटेच्याही टोकाला काहीतरी आहे. त्याचं नाव ‘अ‍ॅव्हँजियन’. तेजस्वी, पंखांचा, उजाड जमिनीला पुन्हा जीव देऊ पाहणारा. तिथे पोहोचायला अख्खं आयुष्य लागतं. खेळणाऱ्यांपैकी फार थोडे तिथवर जातात, कारण तोवर कॅम्पेनच संपलेली असते, नाहीतर कुणाची परीक्षा आलेली असते. पण ती वाट नियमांत लिहून ठेवलेली आहे. हळू आहे, अवघड आहे, तरी बंद नाही.

तेव्हा पुढच्या वेळी टेबलाभोवती बसाल आणि कुणीतरी ओरडेल, ‘‘फायरबॉल!’’, तेव्हा फासे गडगडायच्या आधी त्याला फक्त एवढंच विचारा, ‘‘टाक बिनधास्त. पण कुठून घेतोयस?’’